शेठना कच्चं रेकॉर्डिंगच लागायचं

पैसे वेळेवर देणाऱ्या माणसावर संशय घेणं फार जड जातं. बुडवणाऱ्याला निदान शिव्या घालता येतात, चार लोकांत त्याच्याबद्दल बोलता येतं, लोकही आपल्या बाजूने मान हलवतात. माझे शेठ काम झालं की पैसे टाकून मोकळे व्हायचे, वर दिवाळीला मिठाईचा खोका घरी पाठवायचे. तरी त्यांचा फोन वाजला की माझ्या मनात पाल चुकचुकायची. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणे, "म्हणजे आता बरं चाललंय याचाही तुला त्रास?" तो न्हावा शेव्याला कंटेनरची कागदपत्रं बघतो. सही-शिक्का असला की त्याच्यासाठी विषय संपतो. माझा विषय तिथून सुरू होतो, हा आमच्या संसारातला जुनाच फरक आहे.

माझं काम आवाजाचं. पनवेलात रिक्षाच्या टपावर भोंगा लावून एखादी बाई "विमानतळापासून हाकेच्या अंतरावर, आपलं हक्काचं घर" असं गोड आवाजात सांगत फिरताना तुम्ही ऐकली असेल, तर ती बहुतेक मीच. नेत्रतपासणी शिबिर मी, साड्यांचा सेल मी, शाळेचे प्रवेश सुरू तेही मीच. रेकॉर्डिंग घरी, बेडरूममधल्या कपाटात. थट्टा नाही, खरंच कपाटात, साड्या आणि गोधड्यांमध्ये डोकं घालून, कारण कापड आवाज शोषून घेतं आणि बाहेरच्या रस्त्यावरचे ट्रेलर आत येत नाहीत. घरात दिवसभर मी आणि सासूबाई, दोघीच. बेडरूमच्या कडीला ओढणी बांधलेली असली की रेकॉर्डिंग चालू, आत यायचं नाही, बाहेर मिक्सर लावायचा नाही, असं आमचं ठरलेलं. सासूबाई नियमाच्या पक्क्या. ओढणी दिसली की टीव्हीचा आवाजसुद्धा बंद करून नुसती चित्रं बघत बसायच्या.

शेठ उरणकडचे. मिठागरं होती त्यांच्या घराण्याची. जमिनी गेल्या, पैसा आला, त्यातून यांनी रिक्षा घेतल्या, भोंगे घेतले, आणि पनवेलातल्या उरण नाक्यावर एका दुकानाच्या माडीवर जाहिरातींचं ऑफिस थाटलं. माझं अर्ध्याहून जास्त काम त्यांचंच. स्वभावाने वाईट म्हणाल तर नाही. आवाज चढवला नाही कधी, 'ताई'शिवाय हाक नाही. पण त्यांचं काम करून उठलं की अंगात त्राण म्हणून राहायचं नाही.

एक ओळ पाठवली की त्यांची व्हॉइस नोट यायची. "ताई, मस्त झालाय. फक्त एक डाव हसून द्या." हसून दिली की, "जरा जास्ती हसलाव वाटतं." कमी हसून दिली की, "पयला व्हता तोच बरा व्हता. पन तसाच नवा करून द्या." तसाच हवा तर जुनाच घ्या ना बाबा! हे मी कपाटातल्या साड्यांना सांगायचे, शेठना नाही. आणि कशासाठी हवंय ते धड कधी सांगतील तर शपथ. नुसत्या सुट्ट्या ओळी यायच्या: 'या आणि घेऊन जा.' 'आजच.' 'घरातल्या सगळ्यांसाठी.' कुठे या, काय घेऊन जा, विचारलं की उत्तर एकच, "ते आमी बगतो."

त्यात भर म्हणजे त्यांना रेकॉर्डिंग कच्चं लागायचं. बाकी सगळ्यांना मी खोकला, श्वास, चुका काढून साफसूफ करून देते. शेठ म्हणायचे, "तुमी नका कापू. आमी कापतो. तुमी कापलं की श्वास जातो आन मानूस वाटत नाय." ऐकायला छान वाटतं. पण जो माणूस चहाचा कपसुद्धा दुसऱ्याला उचलायला लावतो, तो माझे श्वास कापत बसतो? मला हे कधी पटलं नाही. कच्चा माल घेऊन माणूस काहीतरी शिजवतोय, इतकंच कळत होतं.

मग घसा धरायला लागला. सकाळी उठलं की आवाज घोगरा, दुपारपर्यंत कसाबसा ताळ्यावर यायचा. घशाच्या डॉक्टरांनी आत दिवा घालून बघितलं आणि सांगितलं की सूज आहे, गाठीची सुरुवात असू शकते, बोलणं कमी करा, नाहीतर हा आवाज एकदा बसला की उठणार नाही. घरी येताना वडाळे तलावाच्या कठड्यावर मी बराच वेळ बसून राहिले. पोट ज्याच्यावर चालतं तीच वस्तू झिजत होती. शेठना सोडावं हे त्या वेळी पहिल्यांदा नीट मनात आलं. मोबाइलवर लिहूनही काढलं, 'शेठ, यापुढे जमणार नाही.' पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. सोडलं तर अर्धं काम गेलं, आणि शेठच्या ओळखीचे बिल्डर, क्लासवाले, दवाखानेवाले गेले ते वेगळेच. बरं, सोडायचं कारण काय सांगायचं? हसून द्या म्हणतात म्हणून?

तेव्हा मी मला फार हुशारीची वाटलेली एक गोष्ट केली. बोलणं कमी करायचंय ना, मग बाहेरचं तसंच ठेवलं आणि घरातलं कमी केलं. सासूबाईंनी काही विचारलं की मान हलवायची. भाजी कोणती, तर फ्रिज उघडून बोटाने दाखवायची. नवऱ्याशी मेसेजवर. घशाचं सासूबाईंना सांगितलं नाही, कारण त्या काळजी करत बसल्या असत्या आणि काळजीत त्या दुप्पट बोलतात. कडीची ओढणीही मग सोडायची राहून जायला लागली. खरं सांगायचं तर राहून जायची नाही, मीच ठेवायचे. ओढणी असली की कोणी काही विचारत नाही. दोन-चार आठवड्यांत घर असं शांत झालं की मला वाटलं, वा, निदान एवढं तरी साधलं.

एकदा शेठनी फोनवर ओळी समजावता समजावता मध्येच विचारलं, "सासूबाईंचा गुडगा कसा हाय आता?"

सासूबाईंच्या गुडघ्याबद्दल मी या माणसाशी चकार शब्द काढलेला नव्हता. "बरा आहे," म्हणून फोन ठेवला आणि डोक्यात चक्र सुरू झालं. सोसायटीचा वॉचमन उरणकडचाच, तो सांगतो का? समोरच्या वहिनींचा भाऊ शेठकडे रिक्षा चालवतो असं ऐकलं होतं, त्या? नवऱ्याला पकडलं. तो म्हणाला, "मी तुझ्या शेठचं तोंडही बघितलेलं नाही." हेही तो जरा घाईने म्हणाला असं मला वाटलं. संशयाचं एकदा घरात चालायला लागलं की तो कोणालाच सोडत नाही. वॉचमनकडे मी आठवडाभर रोखून बघत होते. बिचारा शेवटी मला सलाम करायला लागला.

पुढच्याच कामाच्या वेळी शेठ म्हणाले, "ताई, राग नका मानू, पन म्हातारीला दवाखान्यात एकलं पाठवू नका. रस्ता लय खराब हाय, सगळा खोदून ठेवलाय."

आता मात्र माझ्या पायाखालची जमीन सरकली. सासूबाई दवाखान्यात गेल्या होत्या? एकट्या? कधी? मला माहीत नाही आणि शेठला माहीत! मी बाहेरच्या खोलीत जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं. त्यांनी टीव्हीवरून नजर काढली नाही. "हो, गेले होते," म्हणाल्या. मला का नाही सांगितलं, विचारलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "असू दे." एवढंच. मला संताप आला. माझ्यापासून लपवून जायचं, वर तोंड फिरवून बसायचं, आणि गावभर मात्र माहीत! सून लक्ष देत नाही असं कोणाकोणाला सांगितलंय कोण जाणे. त्या दिवसापासून मी त्यांच्यावरही नजर ठेवायला लागले. सासूबाई आपल्या मुलीशी फोनवर बोलायला बाल्कनीत गेल्या की मी कपाटातून कान देऊन ऐकायचे. ट्रेलर ऐकू येत नाहीत, तिथे त्या कसल्या ऐकू येणार.

आणि मग ती सुक्या मासळीची रिक्षा आली.

उरण नाक्यावर कोथिंबीर घेत होते. पावसाळा तोंडावर आला की आमच्या भागात आगोटीची खरेदी सुरू होते, म्हणजे चार महिने पुरेल अशी सुकी मासळी लोक घरात भरून ठेवतात. बाजारात वासच वास. त्या गर्दीतून भोंग्याची रिक्षा हळूहळू पुढे येत होती. "आगोटीची खरेदी झाली का? करंजा बंदराचे सुके बोंबील, जवळा, सोडे, वाकट्या. घरातल्या सगळ्यांसाठी. या आणि घेऊन जा!"

आवाज माझा.

आता हे समजून घ्या. आमच्या घरात मासे शिजत नाहीत. आता बाहेरगावी शिकणारा मुलगा लहानपणी अंडं मागायचा तर त्याला वेगळं पातेलं. सोडे आणि जवळा यांतला फरक मला आजही विचारू नका. असं वाक्य माझ्या तोंडून निघालं असतं तर ते मला जन्मभर लक्षात राहिलं असतं. मी ते कधीही म्हटलेलं नव्हतं, देवाशपथ नव्हतं. आणि भोंग्यातली ती बाई 'वाकट्या' अशा काही थाटात म्हणत होती, की पिढ्यान् पिढ्या तिचं खाणं तेच.

सगळं एका क्षणात जुळलं. हल्ली यंत्राला माणसाचा आवाज शिकवता येतो, मग ते हवं ते त्याच आवाजात बोलतं, हे मी ऐकून होते. त्यासाठीच सुट्ट्या ओळी. त्यासाठीच एकदा हसून, एकदा कमी हसून. त्यासाठीच कच्चं, श्वासासकट! मी इथे घसा फोडून घेतेय आणि हा माणूस माझा आवाज डब्यात भरून ठेवतोय. चार दिवसांनी मला फोनही येणार नाही. इतके महिने सोडायला कारण शोधत होते, ते रिक्षात बसून माझ्यापर्यंत आलं होतं. खरं सांगू? रागाच्या खाली मला थोडं हायसंही वाटलं. आता मी चोराला सोडून येणार होते, गिऱ्हाइकाला नाही.

कोथिंबिरीची पिशवी हातात तशीच, मी माडी चढले. शेठ संगणकासमोर कानाला हेडफोन लावून बसले होते, एकटेच. म्हणजे कापतात ते स्वतःच, हे पहिल्यांदा दिसलं.

"शेठ, बोंबील मी कधी म्हटले?"

त्यांनी हेडफोन काढला. "म्हंजी? तुमीच दिलाय की."

"मी दिलेला नाही. यंत्राकडून करून घेतलंय तुम्ही."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांचे डोळे बारीक झाले. "ताई, कोनी भरवलंय का तुमाला? टपाल नाक्यावरचा तो नवीन आलाय भोंगेवाला, त्यानं?"

म्हणजे त्यांना माझा संशय. आम्ही दोघं एकमेकांकडे असे बघत होतो, जणू मधल्या टेबलावरून कोणीतरी काहीतरी ढापणार आहे. शेवटी त्यांनी माऊस हलवला, माझ्या नावाची फाइल काढली आणि आवाज मोठा केला. "ऐका. कच्चा हाय."

आधी हँगर सरकल्याचा आवाज. तो आवाज मी झोपेत ओळखीन. मग मी खाकरले. मग माझ्याच घोगऱ्या आवाजात "सोडे म्हणजे काय असतं देव जाणे" आणि एक उसासा. मग "करंजा बंदराचे सुके बोंबील, जवळा", थांबले, पुन्हा "जवळा". मग दार वाजलं.

"अगं, येऊ का आत? ओढणी आहे, पण ती सकाळपासून आहे." सासूबाई. त्यांचा आवाज मला त्या लहानशा स्पीकरवर कितीतरी दिवसांनी नीट ऐकू आला. "गुरुवारी गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जायचंय. जिन्याची भीती वाटते गं मला. येशील ना माझ्याबरोबर?"

आणि त्यावर मी म्हणाले, "हो आई, नक्की. तुमच्यासाठी कधीही." गोड. अगदी गोड, हसून. 'आपलं हक्काचं घर' म्हणते तसं. आणि मध्ये श्वाससुद्धा न घेता, "आगोटीची खरेदी झाली का?"

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. बोंबील नाही, सासूबाई आत आलेल्या नाहीत, गुरुवार नाही. त्या गुरुवारी मी दिवसभर कपाटात होते, एवढं आठवत होतं.

"हाच टेक घेतला," शेठ म्हणाले. "म्हातारीशी बोलून जो हसू आलाय ना तुमचा, तसला तुमी कदी देत नाय."

मी खुर्चीवर बसले. गुडघ्याचं त्यांना कसं कळलं ते आता विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. ते जरा ओशाळले. "कापताना सगळाच ऐकू येतो ना. कान बंद करून कसा कापनार? त्या बाल्कनीत त्यांच्या मुलीला सांगत व्हत्या, एकटीच गेले म्हनून. कपाटाचा दार उगडं राहिला असंल तुमचा."

इतके दिवस मी वॉचमन धरला, समोरच्या वहिनी धरल्या, नवरा धरला, ती म्हातारी बाई धरली. चोर सापडला असता तर फार बरं झालं असतं. माझ्या घरात कोण काय बोलतं हे या माडीवरच्या माणसाला माहीत होतं, कारण तो ऐकत होता, आणि मी त्याच घरात बसून त्याच्यासाठी बोलत होते. मला रडू आलं नाही. भीती वाटली. सरळ भीती, की आणखी कशाकशाला मी हो म्हटलंय आणि कुणाला.

शेठनी माझ्यासमोर पाण्याची बाटली सरकवली. मग म्हणाले, "आता आल्याच हाय तुमी तर दोनच ओळी हायेत. हितंच मोबाइलवर देता काय? पटकन."

आणि सांगायला लाज वाटते, मी घसा साफ केला. हात पुढे झाला, कागद घेतला, तोंडावर ते हसूसुद्धा आलं, सवयीने. ते हसू आलेलं मला आतून कळलं तेव्हा मी कागद टेबलावर ठेवला.

"नाही शेठ. हे नाही आणि यापुढचंही नाही. मी तुमचं काम सोडतेय."

"कोन जास्ती देतोय?"

"कोणी नाही."

"मंग आवाज चोरला म्हनून? आता तर ऐकलाव ना तुमी. मी काय चोरलं नाय."

"नाही चोरलं. तुमची चूक नाहीये."

हे त्यांना अजिबात पटलं नाही. चूक नाही, जास्त पैसे नाहीत, भांडण नाही, मग माणूस काम का सोडेल? जिन्यापर्यंत ते माझ्यामागे आले. "ताई, खरं काय ते सांगा," असं दोनदा म्हणाले. खरं तेच सांगितलं होतं. आजही ते मला टपाल नाक्यावरच्या भोंगेवाल्याने फोडलं असंच समजतात, समोर आले की त्याची चौकशी करतात. तो माणूस मी अजून पाहिलेला नाही.

घरी आले तेव्हा सासूबाई टीव्हीसमोर होत्या. बेडरूमच्या कडीला ओढणी तशीच लोंबत होती, टीव्हीचा आवाज बंद, पडद्यावर दोन बायका मुकाट भांडत होत्या. मी घरात नव्हते, तरी आवाज बंद. मी ओढणी सोडली, हातात गुंडाळून घेतली आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

"आई," मी म्हटलं.

त्यांनी घाईने ओठांवर बोट ठेवलं. दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अगदी कुजबुजत विचारलं, "चालू आहे का गं?"

"नाही. बंद आहे सगळं."

"मग असं गोड का बोलतेस?"

मी ओढणी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती उलगडून बघितली, जणू आत काहीतरी लपवलेलं असणार. मी पुन्हा बोलले, या वेळी जसा आला तसा आवाज येऊ दिला. फाटका, घोगरा, मधेच गळपटणारा. म्हटलं, "गुरुवारी मी यायला हवं होतं. पुढच्या वेळी मी येणार तुमच्याबरोबर. जिन्यावर हात धरीन."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे नीट बघितलं. "घसा बसलाय तुझा. कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

"मला वाटलं, माझ्यावर रागावून बोलत नाहीस."

त्यांनी ओढणीची नीट घडी केली, बाजूला ठेवली, आणि रिमोट शोधायला लागल्या.

"येते ना मी पुढच्या वेळी," मी म्हटलं.

"बघू," त्या म्हणाल्या, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.